लाट मोजायची कशी आणि मॉडेलमध्ये मांडायची कशी: कोकण किनाऱ्यावरून पहिली पावलं

दर पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आज दुपारी समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार.’ हा आकडा लाटेचा नसतो, भरतीचा असतो. समुद्री नकाशावरच्या शून्य पातळीपासून पाणी किती चढेल हे भरतीच्या कोष्टकात वर्षभर आधी छापलेलं असतं, कारण ते चंद्र-सूर्याच्या गणितावर चालतं. लाट वाऱ्यावर चालते, आणि जुलैतल्या अमुक मंगळवारी वारा किती असेल हे जानेवारीत कुणालाच सांगता येत नाही. वारा पडलेला असेल तर त्या दिवशी पाणी कठड्यापर्यंत येतं आणि फारसा गाजावाजा न करता परत जातं. वारा असेल तर चढलेल्या पाण्यावर स्वार होऊन लाटा रस्त्यावर येतात. म्हणून या विषयात शिरताना पहिली सवय ही लावून घ्या: उंचीचा आकडा दिसला की तो कशाची उंची सांगतोय, कुठून मोजलेली आणि किती वेळाची, हे विचारायचं.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. थोडं पायथन येत असेल, बारावीचं गणित विसरलं नसेल, तर पुरे. उदाहरणं कोकण किनाऱ्यावरची आहेत, कारण एकाच वर्षात इतके वेगवेगळे समुद्र दाखवणारा किनारा शिकायला बरा. जून ते सप्टेंबर खवळलेला, आणि एरवी तळ्यासारखा दिसणारा. तो ‘तळ्यासारखा’ही फसवा असतो, ते पुढे येईलच.

आधी महिनाभर नुसतं बघा

यंत्र नंतर. एक घड्याळ आणि एक वही घ्या. जेट्टीच्या टोकाला, जिथे लाट अजून फुटलेली नसते अशा जागी उभं राहा (रत्नागिरीत मांडवीची जेट्टी चालेल). पाण्यातला एखादा बोया, खांब किंवा नांगरलेली होडी हेरा. तिच्यापाशी एक माथा आला की घड्याळ सुरू करा आणि त्यानंतरचा दहावा माथा आला की थांबवा. आलेल्या सेकंदांना १० ने भागा. हा झाला आवर्तकाल. असं पाच-सहा वेळा करून सरासरी घ्या, कारण लाटा कळपाने येतात: चार मोठ्या, मग थोडी उसंत, मग परत.

उंचीचा अंदाज डोळ्याने चुकतो, आवर्तकाल सहसा चुकत नाही. त्यात माहितीही जास्त असते. खोल पाण्यात लाटेची लांबी फक्त आवर्तकालावरून निघते:

लांबी (मीटर) = १.५६ × आवर्तकाल × आवर्तकाल

४ सेकंदांची लाट साधारण २५ मीटर लांब. १६ सेकंदांची जवळजवळ ४०० मीटर. पहिली दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने इथेच, काही तासांत उठवलेली. दुसरी आपल्या वाऱ्याची नव्हेच, ती कुठल्या तरी दूरच्या वादळाची. अशा दूरवरून आलेल्या लाटेला सगळे ‘स्वेल’च म्हणतात, आपणही तेच म्हणू.

वहीत तारीख, वेळ, आवर्तकाल, अंदाजे उंची, लाट कुठल्या दिशेकडून येते आणि वारा कुठून, एवढं लिहा. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था किनाऱ्यासाठी लाटांचा अंदाज रोज देते. तो बघण्याआधी स्वतःचा आकडा लिहा. उलट केलंत तर डोळा अंदाजाच्याच मागे जातो. पावसाळ्यात मात्र हा उद्योग उंचावरून, कठड्याच्या आतून करा. कातळावर उतरून लाट मोजायला गेलेल्याला मोजणारी लाट वेगळीच असते.

‘लाटेची उंची’ म्हणजे नेमकं काय

समुद्रावर एकसारख्या लाटा कधीच नसतात. मग एक आकडा द्यायचा तर कुठला? दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचे अंदाज हवे होते. तेव्हा हाराल्ड स्वेर्द्रुप आणि वॉल्टर मंक यांनी जी व्याख्या रूढ केली तीच आजही चालते: नोंदवलेल्या सगळ्या लाटा उंचीप्रमाणे लावायच्या, त्यांतला वरचा एक तृतीयांश भाग घ्यायचा आणि त्याची सरासरी काढायची. हीच ‘लक्षणीय उंची’. अनुभवी खलाशी डोळ्याने जी उंची सांगतो ती साधारण याच आकड्याजवळ येते, कारण बारक्या लाटांकडे आपलं लक्षच जात नाही.

लक्षणीय उंची ही सर्वांत मोठी लाट नव्हे, हे नवख्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं. ती ३ मीटर आणि आवर्तकाल १० सेकंद असेल तर तीन तासांत हजारावर लाटा जातात, आणि त्यांतली सर्वांत उंच लाट साडेपाच मीटरच्या आसपास असणं अगदी अपेक्षित आहे. साधारण दुप्पट धरून चालावं. त्याहून वर जाणाऱ्याही असतात. १ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेजवळच्या द्राउपनर या वायू-फलाटावर लेझर यंत्राने २५.६ मीटरची एक लाट नोंदवली, तेव्हा लक्षणीय उंची सुमारे १२ मीटर होती.

आता तो फसवा समुद्र. समजा नोव्हेंबरच्या एका दुपारी ०.८ मीटरची, ४ सेकंदांची वाऱ्याची लाट आहे आणि तिच्याखालून ०.६ मीटरचा, १६ सेकंदांचा स्वेल चाललाय. एकूण किती? १.४ नव्हे. लाटांची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे बेरीज वर्गांची करायची: ०.६४ अधिक ०.३६ म्हणजे १, त्याचं वर्गमूळ १ मीटर. अंदाजात ‘१ मीटर’ एवढंच छापून येईल. पण नुसती ५ सेकंदांची १ मीटर लाट आणि हे मिश्रण यांत होडीवाल्याच्या दृष्टीने खूप फरक आहे. बारकी लाट होडीत पाणी उडवते, अंग आंबवते. स्वेल खोल पाण्यात जाणवतही नाही, पण खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर पोचला की उभा राहतो आणि फुटतो. होड्या उलटतात त्या बहुतेक अशाच जागी.

केरळात याच स्वेलच्या उधाणाला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. आकाश निरभ्र, वारा नाही आणि पाणी घरात.

यंत्रं: कोण काय बघतं

सगळ्यांत विश्वासाचं यंत्र म्हणजे तरंगता बोया. नेदरलँड्समध्ये बनणारा ‘वेव्हरायडर’ जगभर वापरतात, आपल्याकडेही इन्कॉइस आणि गोव्याच्या दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांच्या कामात तोच दिसतो. पिवळा, मीटरभराहून थोडा कमी व्यासाचा गोळा. आत त्वरणमापक असतो. बोया लाटेबरोबर वरखाली, पुढेमागे होतो, यंत्र ते त्वरण मोजतं आणि दोनदा संकलन (इंटिग्रेशन) करून विस्थापन काढतं. नांगराच्या दोरात लवचिक रबराचा तुकडा घालतात. दोर ताठ असेल तर बोया लाटेबरोबर चढणारच नाही, ओढला जाऊन माथ्यात बुडेल. नव्या, लहान बोयांमध्ये त्वरणमापकाऐवजी उपग्रह-स्थाननिश्चितीच्या संकेतांवरून हालचाल काढतात. ते हलके आणि स्वस्त, होडीतून एकटा माणूस सोडू शकतो.

तळाशी ठेवायचा दाबमापक विद्यार्थ्यांना परवडतो, आणि मासेमारीच्या जाळ्यात सापडण्याची भीतीही त्याला कमी. पण त्याची एक मर्यादा समजून घेतल्याशिवाय तो हातात घेऊ नका. लाटेचा दाब खोलीबरोबर विरत जातो, आणि आखूड लाटेचा फार भराभर. १० मीटर पाण्यात तळावर ठेवलेल्या यंत्रापर्यंत १० सेकंदांच्या लाटेचा सुमारे ८० टक्के दाब पोचतो. ३ सेकंदांच्या लाटेचा जेमतेम २ टक्के. गणिताने तो परत ‘वाढवता’ येतो खरा, पण २ टक्क्यांना पन्नासपट करताना यंत्रातला खरखराटही पन्नासपट होतो. म्हणून खाडीतल्या किंवा खाऱ्या वाऱ्याच्या लाटा मोजायच्या असतील तर दाबमापक दोन-तीन मीटरांपेक्षा खोल ठेवू नये.

उपग्रह वरून रडार स्पंद सोडतो आणि परतलेला प्रतिध्वनी किती पसरलाय त्यावरून लक्षणीय उंची सांगतो. पाणी शांत असेल तर प्रतिध्वनी एकदम चढतो, लाटा असतील तर आधी माथ्यांवरून आणि मग खळग्यांतून परततो, म्हणून चढ मंद होतो. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला भारत-फ्रान्सचा ‘सरल’ याच कामाचा. अशा नेहमीच्या रडार-यंत्राला (अल्टिमीटरला) आवर्तकाल आणि दिशा मात्र कळत नाही, तो एका बारीक रेषेवरून जातो, आणि अगदी किनाऱ्याजवळ जमिनीचा प्रतिध्वनी मिसळल्याने त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. भर समुद्रातल्या मॉडेलची तपासणी करायला मात्र त्याच्यासारखं साधन नाही.

नोंदीतून वर्णपट काढा

बोयाची नोंद म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ. वेव्हरायडर सेकंदाला १.२८ वेळा उंची देतो, अर्ध्या तासाचे २३०४ आकडे. यातून एकेक लाट मोजत बसण्यापेक्षा वर्णपट काढतात: कुठल्या वारंवारतेला किती ऊर्जा.

क्रम असा. आधी माळेतून सरासरी आणि संथ चढउतार काढून टाका. दाबमापकाच्या नोंदीत तर भरतीच बसलेली असते, ती गेली नाही तर पुढचं सगळं वाया. मग माळेचे २५६ आकड्यांचे ९ तुकडे करा. प्रत्येकाचे टोकाचे आकडे हळूहळू शून्याकडे नेणारी ‘खिडकी’ लावा (तिने कमी झालेली ऊर्जा भरून काढायला विसरू नका). प्रत्येकाचं फूरियर रूपांतर करा (म्हणजे माळ वेगवेगळ्या वारंवारतेच्या लाटांत फोडा), वर्ग घ्या आणि नवांची सरासरी काढा. तुकडे का? एकाच लांब माळेचा वर्णपट कुसळासारखा काटेरी येतो, त्यातलं खरं शिखर कुठलं आणि योगायोग कुठला हे ओळखता येत नाही. पायथनच्या सायपाय संचात वेल्च पद्धत तयार आहे, ती हेच करते. पण पहिल्यांदा एकदा हाताने लिहा.

वर्णपटाखालचं क्षेत्रफळ काढा, त्याचं वर्गमूळ घ्या, ४ ने गुणा. लक्षणीय उंची मिळाली. शिखर जिथे आहे त्या वारंवारतेचा व्यस्त म्हणजे शिखर-आवर्तकाल.

दोन खड्डे इथे हमखास आहेत. सेकंदाला ०.०३ ते ०.०४ आवर्तनांच्या खालचा भाग कापून टाका. त्वरणाचं दोनदा संकलन करताना संथ वारंवारतेतला बारीकसा दोष फुगून बसतो आणि शांत समुद्रावर २५-३० सेकंदांची भुताटकीची लाट दिसते. दुसरं, अर्ध्या तासाच्या नोंदीतून काढलेल्या उंचीत नुसत्या योगायोगाने ५ ते १० टक्के इकडेतिकडे होणारच. यंत्र कितीही चांगलं असलं तरी. २.१ मीटर आणि २.२ मीटर यांवर वाद घालू नका.

शिखर-आवर्तकालाचा वेळाविरुद्ध आलेख काढलात तर कोकणात पावसाळा सोडून तो दुपारी ४ सेकंदांवर आणि रात्री १५ सेकंदांवर उड्या मारताना दिसेल. माझी पहिली प्रतिक्रिया ‘यंत्र बिघडलं’ अशीच होती. यंत्र बरोबर होतं. दुपारी खारे वारे सुटले की आखूड लाटांचं शिखर स्वेलच्या शिखराहून उंच होतं, रात्री मतलई वाऱ्यात ते मरतं आणि स्वेल वर दिसतो. स्वेल दोन्ही वेळा तिथेच असतो. म्हणून एक शिखर न सांगता दोन भाग वेगळे करून सांगणं शहाणपणाचं.

संगणक उघडण्याआधी कागदावर

वाऱ्याची लाट तीन गोष्टींवर वाढते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि पाण्यावरून किती अंतर मोकळा वाहिला. या अंतराला ‘फेच’ म्हणतात. १९६८-६९ मध्ये जर्मनीच्या झ्युल्ट बेटापासून उत्तर समुद्रात सुमारे १६० किलोमीटरच्या रेषेवर यंत्रं मांडून लाटा फेचबरोबर कशा वाढतात हे मोजलं गेलं. ‘जॉनस्वॅप’ या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. त्याचा अहवाल १९७३ चा, आणि पहिलं नाव क्लाउस हासेलमन यांचं, ज्यांना पुढे २०२१ मध्ये हवामान-मॉडेलांसाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातून निघणारं ढोबळ सूत्र:

लक्षणीय उंची = ०.०००५ × वाऱ्याचा वेग (मीटर प्रतिसेकंद) × फेचचं वर्गमूळ (मीटरमध्ये)

वेग १०, फेच १०० किलोमीटर, तर उंची १.६ मीटर. त्यासाठी वारा सुमारे १० तास टिकायला हवा. त्याआधी थांबला तर लाट अर्धवट.

फेच आणि वेळ दोन्ही भरपूर असले की लाट एका मर्यादेपाशी थांबते, तेव्हा उंची वेगाच्या वर्गावर जाते: साधारण ०.०२२ × वेगाचा वर्ग. मोसमी वारा अरबी समुद्रावरून १२ मीटर प्रतिसेकंद वेगाने दिवसेंदिवस वाहत राहिला तर ३.२ मीटर. जुलैत कोकणासमोर याच्याच आसपासचे आकडे दिसतात. वर्गाचा अर्थ नीट घ्या: वाऱ्यात १० टक्के चूक म्हणजे लाटेत २० टक्के. लाटांचं मॉडेल चुकलं की दहातल्या आठ वेळा मला चोर वाऱ्यातच सापडलाय.

स्वेल कधी पोचेल हेही कागदावर निघतं. लाटांचा कळप खोल पाण्यात सेकंदाला ०.७८ × आवर्तकाल इतके मीटर सरकतो. दक्षिण हिंदी महासागरात ४० अक्षांशाजवळ वादळ झालं, अंतर साधारण ६५०० किलोमीटर. १८ सेकंदांच्या लाटा सव्वापाच-साडेपाच दिवसांत येतात, १२ सेकंदांच्या आठ दिवसांत. म्हणजे आवर्तकाल दिवसेंदिवस घटत जातो, आणि तो किती वेगाने घटतो त्यावरून वादळाचं अंतर उलट काढता येतं. मंक यांनी १९६३ मध्ये दक्षिणेकडच्या वादळांच्या लाटा पॅसिफिक ओलांडून अलास्कापर्यंत अशाच माग काढत नेल्या होत्या.

मॉडेल

लाटांचं मॉडेल एकेक लाट काढत नाही. जाळीच्या प्रत्येक चौकटीत वर्णपट धरून तो हिशेब ठेवतं, वाण्याच्या खतावणीसारखा: वाऱ्याने किती ऊर्जा जमा केली, फेस होऊन किती खर्ची पडली, लाटांनी आपसांत किती वाटून घेतली, शेजारच्या चौकटीतून किती आली आणि किती गेली. उथळ पाण्यात तळाचं घर्षण आणि फुटणं ही दोन खाती आणखी. भर समुद्रासाठी ‘वॅम’ आणि अमेरिकेत विकसित झालेलं ‘वेव्हवॉच थ्री’, किनाऱ्यासाठी डेल्फ्टच्या विद्यापीठाचं ‘स्वॅन’. स्वॅन फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. सुरुवात त्यानेच करा.

वारा आणि बाहेरच्या लाटा ‘एरा-५’ या मागच्या हवामानाच्या जागतिक संचातून घ्या. युरोपच्या कोपर्निकस संकेतस्थळावर खातं उघडलं की १९४० पासूनचा तासातासाचा वारा मिळतो. तळाची खोली ‘जेब्को’ या जगभरच्या समुद्रतळाच्या नकाशाच्या जाळीत आहे, पण ती किनाऱ्यालगत ढोबळ असते, तिथे समुद्री नकाशावरचे आकडे बसवावे लागतात. हे कंटाळवाणं काम टाळू नका. मुंबईसमोर उथळ खंडमंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, आणि १६ सेकंदांच्या लाटेला २०० मीटर खोलीपासूनच तळ लागायला सुरुवात होते. खोली चुकली तर लाट वळते चुकीची, फुटते चुकीच्या जागी.

पहिली धाव रिकामी ठेवा: सपाट तळ, एकसारखा १० मीटर प्रतिसेकंद वारा, १०० किलोमीटरचं पाणी. उत्तर दीड मीटरच्या आसपास आलं नाही तर पुढे जाऊ नका, आदेशांच्या फाइलमध्येच काही तरी चुकलंय. मग खरा तळ, मग खरा वारा. दिशांचे ३६ भाग आणि वारंवारतेचे तीसेक भाग सुरुवातीला पुरतात. मॉडेल सपाट समुद्रापासून सुरू होतं, म्हणून पहिले दोन-तीन दिवस फेकून द्या.

आता नवख्यांची सर्वांत मोठी चूक. अरबी समुद्राचा चौकोन आखायचा, वारा घालायचा, दक्षिणेची बाजू मोकळी सोडायची. जुलैत उत्तर छान जुळतं, कारण तेव्हा लाट इथल्याच वाऱ्याची. नोव्हेंबरात मॉडेल म्हणतं समुद्र मेलाय, आणि बोया दाखवतो अर्धा मीटर, १५ सेकंद. त्या लाटा तुमच्या चौकोनाबाहेर जन्मल्या, तुम्ही दारच ठेवलं नाही. दक्षिण आणि पश्चिम कडेला जागतिक मॉडेलच्या लाटा द्याव्याच लागतात. हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांचा स्वेल वायव्येकडून येतो, तो हवा असेल तर चौकोन तिथपर्यंत न्या.

चक्रीवादळासाठी एरा-५ चा वारा तसाच वापरू नका. केंद्राजवळचा वारा त्यात बोथट होतो, आणि निसर्ग (जून २०२०) किंवा तौक्ते (मे २०२१) यांच्या लाटा त्यावर काढल्यात तर त्या खऱ्यापेक्षा बुटक्या येतील.

जुळवून बघा

मॉडेल आणि बोया एकाच आलेखावर काढा आणि आधी वेळ तपासा. मॉडेल जागतिक वेळेत असतं, तुमची वही भारतीय वेळेत. माझी पहिली तुलना साडेपाच तास सरकलेली होती आणि मी दोन दिवस वाऱ्याच्या गुणांकांशी झटापट करत बसलो होतो. मग दिशा. वारा सांगताना तो कुठून येतो ते सांगतात, काही मॉडेलं लाट कुठे जाते ते सांगतात. स्वॅनमध्ये नाविक पद्धत आदेश देऊन निवडावी लागते, नाही तर कोन गणिताच्या पद्धतीने पूर्वेपासून मोजला जातो.

आकड्यांत सरासरी फरक, वर्गमध्यमूळ चूक आणि तिला सरासरी उंचीने भागून येणारा विखुरणी निर्देशांक द्या. नुसता सहसंबंध देऊन मिरवू नका. वर्षभराच्या नोंदीत पावसाळा उंच आणि हिवाळा बुटका हे इतकं ठळक असतं की कुठल्याही मॉडेलला ०.९ फुकटात मिळतो. जून ते सप्टेंबर वेगळे काढा, बाकीचे महिने वेगळे, आणि आवर्तकालाचीही तुलना करा. उंची जुळते आणि आवर्तकाल जुळत नाही, असं असेल तर दोन चुका एकमेकींना झाकतायत.

आणि मॉडेल एकाएकी, एखाद्या रात्रीपासून, बिघडलं असं दिसलं तर मॉडेलला हात लावण्याआधी बोयाच्या अक्षांश-रेखांशांची नोंद उघडा. जाळ्याने किंवा ट्रॉलरने दोर तुटला की बोया आकडे पाठवतच राहतो, फक्त दुसऱ्याच समुद्रातले.